आतडं दुसऱ्यांदा बदलायची वेळ येते तेव्हा

किडनी बदलतात, लिव्हर बदलतात, हृदय बदलतात हे आता सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. पण आतडंसुद्धा बदलता येतं असं सांगितलं की समोरचा जरा थबकतो, आणि ते बदललेलं आतडं बिघडलं म्हणून काढून दुसरं बसवलं असं सांगितलं की सरळ विचारतो, "अहो, शरीराने एकदा नाही म्हटलं ना, मग परत कशाला?"

प्रश्न एकदम रास्त आहे. उत्तर मात्र जरा लांबलचक आहे, कारण दुसरं ट्रान्सप्लांट म्हणजे पहिल्याचीच दुसरी फेरी असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच सगळा घोळ होतो. ऑपरेशनचं नाव तेच असतं, पण माणूस तो राहिलेला नसतो. पोट आतून बदललेलं असतं, नसा वापरून वापरून संपत आलेल्या असतात, आणि प्रतिकारशक्तीने पहिल्या पाहुण्याचा चेहरा पाठ करून ठेवलेला असतो. हे सगळं समजायला आधी पहिल्या ट्रान्सप्लांटपर्यंत माणूस पोचतो कसा ते बघू.

## आतडंच नसेल तर माणूस जगतो कसा?

मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण 6 मीटर लांब असतं. ते नुसता पाईप नाही, आतून टर्किश टॉवेलसारखं असतं, म्हणजे लाखो बारीक बारीक धागे उभे असावेत तसं, आणि सगळ्या सुरकुत्या नि धागे सपाट पसरले तर आतड्याच्या आतला भाग अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाच्या आसपास जातो. आपण जे खातो त्यातलं जवळपास सगळं कामाचं इथेच रक्तात शिरतं.

आता समजा आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य नसेत गुठळी झाली, किंवा आतड्याला पीळ पडला, किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं आतडं सडलं, किंवा क्रोन्ससारख्या आजारात तुकडा तुकडा करत बरंचसं कापावं लागलं. मोठ्या माणसात लहान आतडं 200 सेंटीमीटरपेक्षा कमी उरलं की त्याला शॉर्ट बॉवेल म्हणतात. मग खाल्लेलं आत जातं, पण अंगी लागायच्या आधीच बाहेर पडतं.

अशा वेळी सगळं पोषण थेट रक्तात द्यायचं, म्हणजे साखर, प्रोटीन, चरबी, क्षार, व्हिटॅमिन सगळं एका पिशवीत, आणि ती पिशवी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीतून रोज रात्री 10 ते 14 तास चालवायची. याला टीपीएन म्हणतात. 1960च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक नावाच्या सर्जनने आधी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांवर हे करून दाखवलं, फक्त शिरेतून खाऊन पिल्लं वाढली, आणि मग ते माणसांत आलं. त्याआधी आतडं गेलं म्हणजे सगळं संपलंच असं होतं.

किडनीच्या पेशंटला जसं डायलिसिस, तसं आतड्याच्या पेशंटला टीपीएन. ही तुलना लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

## मग टीपीएनवरच ठेवा की, ट्रान्सप्लांट कशाला?

खरं सांगायचं तर ज्यांना टीपीएन मानवतं त्यांना त्यावरच ठेवतात. दहा-वीस वर्षं नि त्याहून जास्त काळ त्यावर काढलेली माणसं आहेत, नोकरी करणारी, फिरायला जाणारी. शिवाय उरलेलं आतडं वाढवणारं टेड्युग्लुटाईड नावाचं औषध 2012 साली अमेरिकेत मंजूर झालं, माशाच्या तेलाची चरबी वापरल्याने लिव्हर कमी बिघडायला लागलं, उरलेलं आतडं कापून-शिवून लांब करायची ऑपरेशनं निघाली. त्यामुळे अमेरिकेत 2007 च्या सुमाराला वर्षाला दोनशेच्या घरात आतड्याची ट्रान्सप्लांट व्हायची, ती आता शंभरच्या आसपास किंवा त्याहून कमी होतात. ट्रान्सप्लांट कमी होणं ही इथे चांगली बातमी आहे, हे जरा उलटं वाटतं पण तसंच आहे.

ट्रान्सप्लांटची वेळ येते ती टीपीएन धोका द्यायला लागल्यावर. ती नळी म्हणजे बाहेरच्या जगातून थेट रक्तात उघडणारं दार, जंतू त्यातून शिरतात आणि रक्तात पसरतात. लिव्हर हळूहळू कडक होत जातं. आणि नसा संपतात. मोठी नळी टाकता येते अशा नेहमीच्या जागा मोजून सहा, मानेत दोन, गळपट्टीच्या हाडाखाली दोन, जांघेत दोन. प्रत्येक नळी काही महिने-वर्षांनी बदलावी लागते, तिच्याभोवती गुठळी होते आणि ती नस कायमची बंद पडते. सहातल्या चार बंद झालेल्या माणसाकडे किती वेळ आहे याचा हिशोब मग कोणालाही करता येतो.

## आतडं इतकं नखरेल का?

डॉक्टर असं म्हणणार नाहीत, मी म्हणतो. पण बाकीच्या अवयवांच्या मानाने आतडं खरंच अवघड पाहुणा आहे, आणि त्याची कारणं दोन.

पहिलं म्हणजे आतडं निर्जंतुक नसतं. किडनी, हृदय हे आत बंद असलेले, स्वच्छ अवयव, पण आतड्यात अब्जावधी जंतू कायमचे राहतात. नव्या आतड्याच्या अस्तराला जरा कुठे जखम झाली की ते जंतू रक्तात घुसायला टपलेलेच असतात.

दुसरं म्हणजे आतडं हे स्वतःच प्रतिकारशक्तीचं मोठं ठाणं आहे. शरीरातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा मोठा वाटा आतड्यात आणि त्याच्या आसपास असतो. म्हणजे दात्याचं आतडं बसवताना आपण नुसता अवयव बसवत नाही, त्याच्यासोबत दात्याचं अख्खं सैन्यही येतं. घरचं सैन्य त्याला बघून चवताळतं ते रिजेक्शन, आणि क्वचित उलटं होतं, पाहुण्याचं सैन्यच घरच्यांवर तुटून पडतं, अंगावर पुरळ येतं, तोंड येतं, रक्तपेशी घसरतात.

म्हणूनच 1960च्या दशकातले माणसांवरचे सगळे प्रयत्न फसले. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन नावाचं औषध आलं, 1988 मध्ये जर्मनीतल्या कीलमध्ये नुसतं आतडं आणि त्याच वर्षी कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड ग्रँट यांच्या टीमने आतडं आणि लिव्हर एकत्र बसवून यश मिळवलं, आणि 1990 च्या आसपास पिट्सबर्गमध्ये टॉमस स्टार्झल यांच्या टीमने त्याच कामाचं टॅक्रोलिमस नावाचं औषध वापरायला घेतलं तेव्हा कुठे हे ऑपरेशन प्रयोगाच्या बाहेर आलं. आजही टॅक्रोलिमस हाच मुख्य आधार आहे, आणि किडनीच्या पेशंटपेक्षा आतड्याच्या पेशंटला त्याचा डोस सहसा तगडा लागतो.

## बिघडलं हे कळतं कसं?

किडनी बिघडली की रक्तात क्रिएटिनिन वाढतं, लिव्हर बिघडलं की एन्झाईम वाढतात. आतड्यासाठी असा भरवशाचा रक्ताचा रिपोर्ट नाही. सिट्रुलिन नावाचं एक द्रव्य मोजतात, ते कमी झालं म्हणजे अस्तर कमी झालंय इतकं कळतं, पण का कमी झालं ते कळत नाही.

म्हणून नवं आतडं बसवताना त्याचं एक टोक पोटावर बाहेर काढून ठेवतात, त्याला स्टोमा म्हणतात, त्यावर पिशवी लावलेली असते. ही खिडकी आहे. सुरुवातीचे काही आठवडे त्या खिडकीतून वारंवार, बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून दोनदा, दुर्बीण आत घालून बारीक तुकडे काढतात. आणि रोज सकाळी पिशवीतलं मापात ओतून लिहून ठेवायचं. घरच्यांना पहिली शंका इथेच येते. काल जेवढं होतं त्याच्या दुप्पट आज भरलं, पाण्यासारखं पातळ, थोडा ताप, पोट जड. हा साधा जुलाबाचा व्हायरस असू शकतो किंवा रिजेक्शनची सुरुवात, आणि नुसतं बघून दोन्ही सेम दिसतं.

मग तो तुकडा मायक्रोस्कोपखाली जातो. आतड्याच्या अस्तरात बारीक बारीक विहिरींसारखे खड्डे असतात, तिथे नव्या पेशी तयार होऊन वर सरकतात, तीन ते पाच दिवसांत सगळं अस्तर नवं होतं. पॅथॉलॉजिस्ट हे खड्डे मोजतो आणि त्यात मरून आक्रसलेल्या पेशी मोजतो. सलग दहा खड्ड्यांत अशा सहा किंवा जास्त दिसल्या की सौम्य रिजेक्शन धरतात. दोन-तीन दिसल्या तर ठीक, चार-पाच म्हणजे डोळे उघडे ठेवा. एवढ्याशा आकड्यावर पुढची ट्रीटमेंट ठरते, मला तर हे वाचताना घाम फुटला होता.

वेळेत सापडलं तर स्टेरॉईडचे मोठे डोस, त्याने नाही भागलं तर त्याहून जालीम औषधं, आणि बऱ्याचदा आतडं सावरतं. पण सगळ्यात वाईट प्रकारात अस्तर सालपटासारखं सुटून येतं, टॉवेलचे धागे जाऊन नुसतं उघडं कापड उरावं तसं. त्या उघड्या कापडातून जंतू सरळ रक्तात. इथे विरोधाभास बघा, रिजेक्शन थांबवायला प्रतिकारशक्ती दाबायची आणि त्याच वेळी रक्तात जंतू फिरतायत. त्या क्षणी आतडं वाचवायचं की माणूस, हा प्रश्न असतो.

## औषधं वाढवत राहा ना, काढायची काय घाई?

हाच हट्ट पूर्वी जास्त व्हायचा आणि त्यात माणसं गेली. एवढ्या मुश्किलीने मिळालेलं आतडं काढून टाकायचं हे पेशंटला, घरच्यांना आणि सर्जनलाही जिवावर येतं. पण टीपीएन आहे ना, डायलिसिससारखं. नुसतं आतडंच बसवलेलं असेल तर ते काढून माणसाला परत टीपीएनवर आणता येतं, औषधं कमी करता येतात, इन्फेक्शन आटोक्यात येतं. म्हणून आता आतडं सावरत नाही हे दिसलं की वेळेत काढा, हा विचार पक्का झालाय. दुसऱ्या ट्रान्सप्लांटचं भवितव्य बऱ्याच अंशी इथेच ठरतं, पेशंट पहिल्या आतड्यातून कुठल्या अवस्थेत बाहेर पडला यावर.

मात्र जठर, स्वादुपिंड, लिव्हर आणि आतडं असा सगळा घोस एकत्र बसवलेला असेल तर ही सोय नाही. लिव्हर काढून माणसाला वाट बघायला लावता येत नाही. तिथे काढणं आणि नवं बसवणं एकाच वेळी, आणि दाता वेळेत मिळाला तरच.

आतडं जाण्याचं कारण दर वेळी रिजेक्शनच असतं असं पण नाही. काही वेळा पहिल्या काही दिवसांतच जोडलेल्या नसेत गुठळी होते आणि आतडं काळं पडतं. काही वेळा वर्षानुवर्षं बरं चाललेलं आतडं हळूहळू आखडतं, त्याच्या खोलवरच्या रक्तवाहिन्या आतून जाड होत जातात, आणि दुर्बिणीने वरवरचा तुकडा घेतला तर त्यात हे दिसतही नाही, मग रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट वाळत चाललाय. काही वेळा ईबीव्ही नावाच्या व्हायरसमुळे, प्रतिकारशक्ती दाबल्याचा फायदा घेऊन, लिंफोमासारखी कॅन्सरची गाठ होते आणि मग औषधंच कमी करावी लागतात. आणि काही वेळा, हे बोलायला अवघड आहे पण बोललं पाहिजे, गोळ्या घ्यायच्या राहून जातात, विशेषतः वयात येणाऱ्या मुलांमध्ये, ज्यांना पाच वर्षं सगळं ठीक चाललंय म्हणून कंटाळा आलेला असतो. त्यांना नुसतं रागावून काही होत नाही.

हे कारण शोधणं पुढच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. गुठळीने गेलेल्या आतड्याची गोष्ट वेगळी आणि शरीराने ठरवून हाकललेल्या आतड्याची वेगळी.

## शरीराची आठवण

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीवर एक ओळखपत्र असतं, त्याला एचएलए म्हणतात, आणि हुबेहूब एकसारखी जुळी भावंडं सोडली तर ते जवळजवळ प्रत्येकाचं वेगळं असतं. पहिलं आतडं आलं तेव्हा गेटवरच्या वॉचमनने ते ओळखपत्र पहिल्यांदा बघितलं, गोंधळला, रजिस्टर काढलं, वर विचारलं. तेवढ्या वेळात औषधांनी त्याला शांत करता आलं. पण पहिलं आतडं हाकलल्यानंतर त्याने त्या ओळखपत्राचा फोटो भिंतीवर चिकटवलाय. आता तसंच, किंवा थोडंफार तसं दिसणारं कोणीही आलं की विचारपूस नाही, थेट धक्काबुक्की.

हे फोटो म्हणजे अँटीबॉडी आणि स्मरण ठेवणाऱ्या पेशी. रक्त तपासून कळतं की किती प्रकारच्या ओळखपत्रांविरुद्ध अँटीबॉडी तयार आहेत. हा आकडा टक्क्यांत येतो. 80 टक्के आला तर ढोबळमानाने शंभर दात्यांपैकी ऐंशींचे अवयव या माणसाला चालणार नाहीत. पहिल्या वेळी हाच आकडा शून्याच्या आसपास असू शकतो. म्हणजे आधीच दुर्मिळ असलेल्या दात्यांना आता आणखी चाळणी लागली.

आणि आतड्याला वेळ नसतो. काढलेली किडनी बर्फात दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकते, आतडं शक्यतो सहा ते आठ तासांत रक्ताला जोडलेलं बरं. त्यामुळे दात्याचं रक्त आणि पेशंटचं रक्त प्रत्यक्ष एकत्र करून बघायला पुरेसा वेळ असेलच असं नाही, मग आधीच्या रिपोर्टवरून कागदावर जुळवणी करतात आणि विमान पकडतात.

अँटीबॉडी कमी करायचे उपाय आहेत. प्लाझ्मा बदलून त्या धुऊन काढायच्या, शिरेतून तयार अँटीबॉडीचा मोठा डोस देऊन जुन्यांना गप्प करायचं, त्या बनवणाऱ्या पेशींवर रिटक्सिमॅबसारखं औषध द्यायचं. उपयोग होतो, पण फोटो भिंतीवरून काढला तरी वॉचमनच्या डोक्यातून जात नाही. थोड्या दिवसांनी तो परत चिकटवतो.

अजून एक गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणू नये खरं तर. आतड्यासोबत त्याच दात्याचं लिव्हर बसवलं तर आतडं जास्त टिकतं, असं जगभरच्या नोंदीत दिसतं. लिव्हर त्या अँटीबॉडी शोषून घेतं, मोठ्या भावासारखा मार स्वतःवर घेतं म्हणा. मग दुसऱ्या वेळी, अँटीबॉडी भरपूर असतील तर, सर्जनसमोर विचित्र प्रश्न येतो की पेशंटचं स्वतःचं लिव्हर बऱ्यापैकी असताना ते काढून दात्याचं बसवायचं का. काहींच्या बाबतीत हा प्रश्न येतच नाही, कारण मधल्या काळातल्या टीपीएनने लिव्हर आधीच गेलेलं असतं.

## मधला काळ

पहिलं आतडं काढल्यावर दुसरं कधी? इथे एका बाजूला ओढलं की दुसरी बाजू सुटते.

थांबलं तर फायदा काय, इन्फेक्शन बरं होतं, वजन वाढतं, जखमा भरतात, माणूस चालता-फिरता होतो, आणि घरून चालत ऑपरेशनला आलेला पेशंट आयसीयूतून आणलेल्या पेशंटपेक्षा चांगला निभावतो हे पहिल्या ट्रान्सप्लांटमध्येही दिसलेलं आहे. पण थांबलं की टीपीएन परत सुरू, म्हणजे तीच नळी, तेच इन्फेक्शनचं दार, तेच लिव्हर, आणि नसा तर आधीच मोजक्या. त्यात औषधं पूर्ण बंद केली तर वॉचमन मोकाट सुटतो आणि भिंतीवर अजून फोटो लागतात. चालू ठेवली तर ज्या आतड्यासाठी ती घ्यायची ते आतडंच नाही, आणि टॅक्रोलिमस आपलं काम करत किडनी खराब करत राहतं. अगदी थोडी चालू ठेवायची, असा मधला मार्ग काही ठिकाणी काढतात. कोणाला काय मानवेल याचं छापील कोष्टक नाही.

शिवाय पोट. रिकाम्या पिशवीसारखं ते आकसतं. आतडं नसलं की पोटाच्या भिंतीला ताणून धरणारं काही उरत नाही, आणि अनेक ऑपरेशनांच्या व्रणांनी ती आधीच कडक झालेली असते. नवं आतडं आत मावलं पाहिजे, म्हणून दाता पेशंटपेक्षा अंगाने लहान शोधतात. तरीही कधी पोट शिवता येत नाही, जाळी लावून किंवा काही दिवस उघडं झाकून ठेवतात, आणि काही सेंटरमध्ये तर दात्याच्या पोटाची भिंतसुद्धा आतड्यासोबत बसवलेली आहे.

## ऑपरेशन तेच ना पण?

पोट उघडेपर्यंत तेच. पहिल्या वेळी आतली पातळ आवरणं एकमेकांवरून सरकत असतात, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सगळं एकमेकांना चिकटलेलं, जणू कोणी आत गोंद ओतून वाळवलाय. कुठे लिव्हर संपतं आणि कुठे मोठं आतडं सुरू होतं हे वेगळं करायलाच तासन्‌तास जातात, प्रत्येक चिकट जागा रक्त सोडते, आणि चुकून आहे त्या आतड्याला भोक पडलं तर नव्या पाहुण्याच्या स्वागतालाच घाण. नवीन आतड्याची धमनी पोटातल्या मुख्य धमनीला जोडायची असते, तिथे आधीच्या जोडाचा व्रण असतो. म्हणून पहिलं आतडं काढताना कधीकधी त्याच्या रक्तवाहिनीचा छोटा तुकडा मुद्दाम मागे ठेवतात, पुढे त्यालाच नवी वाहिनी शिवता यावी. वायरमन जुनी फिटिंग काढताना भिंतीतून चार बोटं वायर सोडून ठेवतो ना, तसं. पहिलं आतडं काढणाऱ्या माणसाने दुसऱ्याचा विचार केलेला असला तर असा फरक पडतो.

आणि किडनी. टॅक्रोलिमसने ती इतकी खालावलेली असू शकते की आतड्यासोबत किडनीही बदलावी लागते.

## एकाच माणसाला दोन-दोन अवयव, हे न्याय्य आहे का?

हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. रांगेत पहिल्यांदाच उभा असलेला कोणीतरी आहे, त्याला आतडं मिळालं तर ते टिकायची शक्यता जास्त, मग दुसऱ्यांदा आलेल्याला का?

पहिली गोष्ट, आतड्याच्या बाबतीत रांगा किडनीसारख्या प्रचंड नसतात, खरी अडचण योग्य मापाचं, जुळणारं, वेळेत पोचणारं आतडं मिळण्याची असते, आणि एका लहानखुऱ्या पेशंटला बसणारं आतडं दुसऱ्या आडव्या पेशंटच्या उपयोगाचं असेलच असं नाही. दुसरी गोष्ट, लिव्हरसकट द्यायचं असेल तर मात्र आक्षेपात दम आहे, कारण ते लिव्हर दुसऱ्या कोणाचातरी जीव नक्की वाचवू शकलं असतं. म्हणून मला वाटतं "दुसऱ्यांदा आलाय" एवढ्यावरून नकारही नको आणि "आधीच इतकं भोगलंय" एवढ्यावरून होकारही नको. पहिलं का गेलं, अँटीबॉडी किती, नसा किती, किडनी कशी, वय काय, घरी सांभाळणारं माणूस आहे का, हे बघून ठरवावं. चांगल्या टीम असंच करतात आणि बऱ्याच जणांना नाहीही म्हणतात.

## यश येतं का?

2015 मध्ये छापलेल्या जागतिक नोंदीत 82 सेंटरमधल्या 2,699 पेशंटची 2,887 ट्रान्सप्लांट होती. वजाबाकी केली की 188 उरतात, म्हणजे दर शंभर पेशंटमागे सातच्या आसपास पुन्हा केलेली ऑपरेशनं. त्या नोंदीत एकूण पेशंटपैकी वर्षाअखेर 76 टक्के, पाच वर्षांनी 56 टक्के आणि दहा वर्षांनी 43 टक्के जिवंत असण्याचा अंदाज होता. हे आकडे सगळे मिळून आहेत, नुसत्या दुसऱ्या वेळेचे नाहीत. दुसऱ्या वेळेचे निकाल साधारणपणे पहिल्यापेक्षा कमी असतात, पण अनुभवी सेंटरमध्ये, पेशंट नीट तयार करून घेतलेला असेल तर, ते करून बघण्यासारखे असतात. अजून एक गोष्ट त्याच नोंदीत आहे, पहिल्या वर्षाचा निकाल काळानुसार सुधारला, पण वर्षानंतर आतडं जाण्याचं प्रमाण फारसं हललं नाही. म्हणजे बसवायला आपण शिकलो, टिकवायला अजून नीट शिकलो नाही, आणि दुसऱ्या ट्रान्सप्लांटची गरज तिथूनच येते.

इतक्या आकड्यांवर पेशंटला काय सांगणार? जो आता खाऊ शकत नाही, ज्याची शेवटची नस चालू आहे, त्याच्यासाठी तुलना ठणठणीत माणसाशी नसतेच. त्याची तुलना ट्रान्सप्लांट न करण्याशी असते.

## आणि दुसरंही गेलं तर?

तिसऱ्यांदा बसवल्याची उदाहरणं आहेत, पण अगदी मोजकी. बहुतेकांसाठी तेव्हा परत टीपीएन, नस शिल्लक असेल तर. म्हणून दुसऱ्या ट्रान्सप्लांटच्या आधी चांगली टीम पेशंटच्या सगळ्या मोठ्या नसांचा स्कॅन काढून नकाशा बनवते, कुठली उघडी, कुठली बंद, कुठली अर्धी. ऑपरेशनच्या दिवशी भरपूर रक्त चढवायला मोठ्या नळ्या लागणार असतात, आणि त्या कुठल्या नसेत टाकायच्या, कुठल्या नसेला हात पण लावायचा नाही, हे भूल देणारा डॉक्टर आणि सर्जन दोघं मिळून आदल्या दिवशीच त्या नकाशावर खुणा करून ठरवतात.